माशीचा फोटो पाठवताना: नाव कोणत्या खुणेवर ठरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरुड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराने मोबाइलवर काढलेले तीन फोटो पाठवले आहेत. पहिला बैलाच्या पुढच्या पायावर बसलेल्या राखाडी माशीचा. दुसरा गळालेल्या संत्र्यावरच्या तांबूस माशीचा. तिसरा गाईच्या खांद्यावरच्या जखमेजवळ बसलेल्या चकचकीत हिरव्या माशीचा. तिन्हींची प्रजाती हवी आहे, आणि फोटोवरून ठरत नसेल तर नमुना कसा धरायचा, कसा ठेवायचा, कुठे पाठवायचा हेही विचारलं आहे.

आधी तिन्हींचं उत्तर देतो. पहिली माशी मस्किडी कुळातली, म्हणजे घरमाशीच्या गोतावळ्यातली. फोटो वरून काढलेला असल्यामुळे सोंड दिसत नाही, म्हणून याच्यापुढे जाता येत नाही. पायावर डोकं वर करून बसण्याची ढब मात्र चावणाऱ्या स्टोमॉक्सिसची आहे. दुसरी बॅक्ट्रोसेरा, म्हणजे फळमाशी; प्रजाती बहुधा झोनाटा. चेहरा समोरून दिसला असता तर ‘बहुधा’ लिहावं लागलं नसतं. तिसरी क्रायसोमिया. प्रजाती या फोटोवरून सांगणार नाही, कारण ज्या भागावर ती ठरते तो पंखाखाली झाकलेला आहे. पण जखमेत अळ्या दिसत असतील तर नावासाठी थांबू नका, आजच पशुवैद्यकांना दाखवा.

नाव ज्या खुणेवर ठरतं ती खूण डोळ्यांना दिसली तरच ते नाव द्यायचं. खूण दिसली नाही तर कुळावर किंवा जीनसवर (कुळाखालचा, जवळच्या प्रजातींचा गट) थांबायचं आणि तसं लिहायचं. अर्धवट नाव चालतं, चुकीचं नाव चालत नाही. चुकीच्या नावावर चुकीचं आमिष लावलं जातं, चुकीच्या जागी फवारा मारला जातो आणि हंगाम हातचा जातो.

सगळ्यात आधी पंख मोजा. खऱ्या माशीला दोनच पंख असतात आणि त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना गुंडी असलेली एकेक बारीक काडी असते. संत्र्यावर कोळशी (काळी बुरशी) आणणारी काळी माशी आणि पऱ्हाटीवरची (कपाशीवरची) पांढरी माशी या दोघींना चार पंख असतात. त्या मावा-तुडतुड्यांच्या गणातल्या आहेत. मोहरीवरची काळी माशी गांधीलमाशीच्या गणातली. या तिघींचे फोटो माश्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवून उपयोग नाही. उलट फुलावर घिरट्या घालणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी लोक मधमाशी समजून सोडून देतात. तिचे मिशांचे तंतू अगदी आखूड असतात, डोळे डोकं व्यापून टाकतात आणि पंख दोनच. तिच्या बऱ्याच प्रजातींच्या अळ्या मावा खातात, त्यामुळे मावा पडलेल्या झाडावर ती दिसली तर नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

आता गोठ्यातल्या माश्या. घरमाशी, म्हणजे मस्का डोमेस्टिका, ६ ते ७ मिमी. पाठीवर चार काळसर उभ्या रेघा. पंखाची चौथी लांब शीर टोकाजवळ एकदम कोनात वर वळते. सोंड मऊ, खाली लोंबणारी, टोकाला पसरट. ती चाटते, टोचत नाही. जनावरांच्या डोळ्यांवर आणि उघड्या फोडांवर घोळक्याने बसणारी मस्का सॉर्बेन्स तिच्यासारखीच दिसते, पण तिच्या पाठीवर दोनच रुंद रेघा असतात. रेघा मोजायच्या तर प्रकाश तिरपा हवा. समोरून फ्लॅश मारला की पाठीवरची राखाडी भुकटी चमकते आणि चारच्या दोन दिसू लागतात.

स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स घरमाशीएवढीच, रंगही तोच. ओळख सोंडेवर: कडक, काळी, डोक्याच्या पुढे सरळ आलेली. बाजूने काढलेल्या एका फोटोत निकाल लागतो. पोटावर काळे ठिपके असतात आणि पंखाच्या चौथ्या शिरेचा बाक हलका असतो, घरमाशीसारखा कोन नसतो. ती जनावराच्या पायांवर बसते, चावल्यावर बैल पाय आपटत राहतो. तिची पैदास ओल्या कुटारात, शेण-मूत मिसळलेल्या चाऱ्यात होते. म्हणून नाव कळलं की कामाची जागाही कळते: गव्हाणीखालचा ओला कुटार दर आठवड्याला काढायचा. पाठीवर, वशिंडाजवळ डोकं खाली करून बसणाऱ्या, साधारण ४ मिमीच्या बारीक चावणाऱ्या माश्या हीमॅटोबियाच्या. तिचे सोंडेलगतचे दोन स्पर्शक जवळपास सोंडेइतकेच लांब असतात, स्टोमॉक्सिसचे सोंडेच्या निम्म्याहूनही आखूड. दहापट भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं.

मोठी गोमाशी, म्हणजे टॅबॅनस, आकारानेच कळते. खात्री पंखावर करा: टोकाजवळ एक शीर दुभंगते आणि तिच्या दोन फांद्या टोकाच्या अलीकडे-पलीकडे उघडतात. पंख राखाडी नक्षीदार असले तर हिमॅटोपोटा. पंखावर रुंद गडद पट्टा आणि मिशा लांब असतील तर क्रायसॉप्स. टॅबॅनसच्या प्रजाती ठरवताना डोळ्यांवरचे रंगीत पट्टे लागतात, आणि माशी मेली की ते काही तासांत विझतात. म्हणून या कुळात जिवंत माशीच्या डोळ्याचा जवळून फोटो आधी, मारणं नंतर. विझलेले पट्टे ओलाव्यात ठेवल्यावर थोडेफार परत दिसतात, पण त्यावर विसंबू नये. सर्रा या जनावरांच्या रक्तातल्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाचा प्रसार या माश्या करतात, त्यामुळे पावसाळ्यात त्यांची नोंद पशुवैद्यकांना उपयोगी पडते. जनावराच्या शेपटीखाली, मांड्यांच्या आत केसांतून तिरकी पळणारी, चपटी आणि चिवट माशी हिप्पोबॉस्का. तिच्याबद्दल फार लिहायला नको, चुकण्यासारखी ती नाही.

संत्र्यावरच्या माशीत सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून इथे थोडं थांबू. फळ गळालं आणि त्यावर माशी बसली याचा अर्थ तिनेच ते गाळलं असा होत नाही. रस शोषणारा पतंग रात्री येतो, फळाला एक बारीक गोल छिद्र पाडतो, भोवती सड धरते, फळ गळतं; आत अळी नसते. मग त्या सडक्या फळावर लाल डोळ्यांची, २ ते ३ मिमीची ड्रोसोफिला चिलटं जमतात आणि दोष त्यांच्यावर जातो. फळ आडवं कापा. फळमाशीची अळी पांढरट, बिनपायाची, पूर्ण वाढल्यावर ८ ते १० मिमी असते. ती कोरड्या कागदावर ठेवली की अंगाचं वेटोळं करून उडी मारते. ड्रोसोफिलाची अळी याच्या निम्मीही नसते. अळीच नसेल तर फळमाशीचा विषय तिथेच संपला.

अळी मिळाली आणि माशीही हाती आहे, तर क्रमाने चार जागा पाहायच्या: पाठ, पंखाची पुढची कड, चेहरा, पोट.

पाठ काळी, दोन्ही बाजूंना एकेक पिवळा पट्टा, पंखाच्या पुढच्या कडेने टोकापर्यंत सलग जाणारी अरुंद तपकिरी किनार, पोट नारिंगी आणि त्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण: ही बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. पाठ तांबूस-तपकिरी, पंखाची किनार तुटलेली आणि टोकाला फक्त एक छोटा ठिपका: ही झोनाटा. करेक्टाच्या पंखावरही किनार तुटलेली आणि टोकाला ठिपका, पण पाठ बहुतांशी काळी असते आणि चेहऱ्यावरचे दोन काळे डाग आडवे लांबट, एकमेकांना भिडायला आलेले. झोनाटाचे डाग सुटे, लंबगोल. दुसऱ्या फोटोत टोकाचा ठिपका आणि तांबूस पाठ दिसते, म्हणून झोनाटा म्हटलं. चेहरा दिसत नाही, म्हणून ‘बहुधा’.

काकडी, कारलं, दोडक्याच्या वेलावर दिसणारी झ्युगोडॅकस क्युकर्बिटी (जुन्या लिखाणात हिलाही बॅक्ट्रोसेरातच धरलेलं दिसेल) वेगळी काढणं सोपं आहे. पाठ तांबूस, पिवळे पट्टे तीन: दोन बाजूंना आणि एक मधोमध. पंखाची किनार रुंद आणि टोकाला फुगलेली, शिवाय पंखाच्या एका आडव्या शिरेवर गडद छटा. वेलावरच एखादी लहान, पाठीवर एकही पिवळा पट्टा नसलेली माशी मिळाली तर तिचं पोट पाहा. पोटाचे वरचे खंड एकमेकांत जोडलेले, सलग दिसत असतील तर ती डॅकस, बहुतेक सिलिएटस. बॅक्ट्रोसेरात ते खंड सुटे असतात आणि पोट वाकवलं की सांधे हलताना दिसतात.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे कोवळ्या माशीवरून नाव देणं. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या डॉर्सॅलिसची पाठ फिकट तांबूस असते, पंखाची किनार पुरती रंगलेली नसते, आणि ती हुबेहूब झोनाटा दिसते. अंग दाबल्यावर मऊ लागलं, पंखांना चुण्या असल्या, कपाळ फुगल्यासारखं दिसलं तर ती माशी ओळखण्यालायक नाही. तिला ४-५ दिवस साखरेचे खडे आणि ओला कापूस देऊन जिवंत ठेवा, रंग पक्के होऊ द्या, मग मारा.

आमिषावरूनही अंदाज बांधता येतो. मिथाइल युजेनॉलकडे डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टाचे नर येतात, क्यू-ल्युअरकडे क्युकर्बिटीचे. सिलिएटस या दोन्हींकडे येत नाही. प्लायवुडचा सुमारे ५ सेंमी चौकोनी तुकडा इथेनॉल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन यांच्या ६:४:१ मिश्रणात २४ ते ४८ तास भिजवून सापळ्यात टांगतात. दोन आमिषं एकाच हाताने हाताळू नका, हातमोजे बदला. मिथाइल युजेनॉलचा वास क्यू-ल्युअरच्या सापळ्याला लागला की दोन्हीकडची नोंद बिघडते. सापळा सावलीत, छातीच्या उंचीवर, आणि टांगायच्या तारेला ग्रीस लावलेलं. ग्रीस विसरलात तर सकाळपर्यंत मुंग्या नुसते पंख शिल्लक ठेवतील. ओळखीसाठी माश्या रोज काढा. आणि हे ध्यानात असू द्या की सापळ्यात फक्त नर येतात, तेही शेजारच्या पेरू-आंब्यावरून आलेले असू शकतात. सापळ्यात माशी मिळाली म्हणजे संत्र्याला तीच लागली, असं सिद्ध होत नाही.

सिद्ध करायचं असेल तर फळातून माशी काढावी लागते. आंबिया किंवा मृग बहाराची (संत्र्याच्या फुलोऱ्याचे दोन हंगाम) ८-१० गळालेली, पण न सडलेली फळं घ्या. प्लास्टिकच्या डब्यात चाळलेल्या ओलसर वाळूचा ५ सेंमी थर द्या. फळं थेट वाळूवर ठेवू नका, वर जाळी किंवा बांबूच्या काड्या टाकून त्यावर ठेवा. फळाचा रस वाळूत उतरला की चिखल होतो, बुरशी धरते आणि कोष मरतात. तोंडाला मलमलचं फडकं, रबराने घट्ट. आठवडाभराने वाळू चाळा. तपकिरी, ४ ते ५ मिमीचे कोष मिळतील. ते वेगळ्या बरणीत ठेवा. उकाड्यात साधारण ८ ते १० दिवसांत माश्या बाहेर येतात, नागपुरी थंडीत बरेच जास्त दिवस लागतात. कधी माशीऐवजी लांब मिशांची, चार पंखांची बारीक गांधीलमाशी निघते. ती फळमाशीच्या अळीवर जगणारी परजीवी, तुमच्या फायद्याची. तीही जपून ठेवा आणि लेबलावर तसं लिहा.

चकचकीत हिरव्या-निळ्या माश्यांबद्दल. आधी कुळ. मागच्या पायाच्या मुळाच्या वर, छातीच्या बाजूला राठ केसांची एक उभी ओळ असते का पाहा. ती असेल तर कॅलिफोरिडी, सारकोफॅगिडी किंवा टॅकिनिडी. नसेल तर घरमाशीचं कुळ. म्हणजे हिरवा रंग दिसला की जखमेवरची माशी, असं समीकरण चालत नाही. टॅकिनिडीत पाठीच्या शेवटच्या त्रिकोणी तुकड्याखाली आणखी एक फुगीर गादी असते, जी बाजूने दिसते. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनावरच्या टसर रेशमाच्या अळ्यांचा नाश करणारी उझी माशी याच कुळातली. सारकोफॅगिडी राखाडी असतात, पाठीवर तीन काळ्या रेघा, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. त्यांची प्रजाती नराच्या जननेंद्रियावरच ठरते. कितीही सुंदर फोटो पाठवला तरी नाही.

तुमच्या तिसऱ्या फोटोतली क्रायसोमिया कॅलिफोरिडी कुळातली. तिच्यात जखमेच्या दृष्टीने महत्त्वाची प्रजाती बेझियाना. तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. मेगासेफाला दिसायला तशीच, पण ती मेलेलं, सडलेलं आणि उकिरड्यावरचं पसंत करते. दोघींत फरक करायला पंखाच्या मुळाशी असलेली खालची पाळी पाहायची: बेझियानात ती पांढरी मेणचट, मेगासेफालात गडद तपकिरी. मेगासेफालाच्या नराच्या डोळ्यात वरच्या अर्ध्या भागातल्या चकत्या खालच्यापेक्षा उघड मोठ्या असतात आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट सीमारेषा दिसते. तिसरी, रुफिफेसिस, हिच्या छातीच्या पुढच्या श्वासरंध्राचा रंग पांढरट असतो, वरच्या दोघींचा गडद. हे तिन्ही भाग पंख किंचित उचलून बाजूने काढलेल्या फोटोतच सापडतात.

ल्युसिलिया, म्हणजे याच कुळातली आणखी एक चकचकीत हिरवी माशी, हिच्या बाबतीत मोबाइलचं ॲप बहुतेक वेळा सेरिकाटा म्हणून मोकळं होतं. पुढच्या पायाची मांडी पाहा: चमकदार हिरवी असेल तर क्युप्रिना, काळसर निळी असेल तर सेरिकाटा. ॲप ज्या फोटोंवर शिकलं त्यात युरोप-अमेरिकेतले फोटो भरमसाट आहेत, म्हणून त्याचं उत्तर कुळापर्यंत कामाचं माना आणि पुढच्या नावाला खूण मागा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकणं चांगलंच आहे, पण दोन अनोळखी लोकांनी त्याच नावाला होकार दिला म्हणजे खूण तपासली गेली असं नाही.

जखमेतल्या अळ्या काढल्यावर त्या तशाच स्पिरिटमध्ये टाकू नका. आकसतात, काळ्या पडतात, मग तोंडाचे आकडे आणि श्वासरंध्रं पाहता येत नाहीत. उकळी येऊन खाली उतरवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवा, ताणून सरळ झाल्या की ८० टक्के अल्कोहोलमध्ये घाला. बेझियानाच्या पूर्ण वाढलेल्या अळीच्या पुढच्या श्वासरंध्राला ४ ते ६ फाटे असतात. मेगासेफालाला बरेच जास्त.

पिकांतल्या बारीक माश्यांसाठी माशीपेक्षा नुकसान जास्त बोलतं. सोयाबीनचं खोड उभं चिरा: आत लालसर नागमोडी बोगदा असेल तर खोडमाशी, मेलानाग्रोमायझा सोजे. खोडावर बाहेरून दोन गोल खाचा असतील तर तो चक्रीभुंगा. तुरीच्या शेंगेला गोल पातळ खिडकी आणि शेंगेतच कोष असेल तर शेंगमाशी, मेलानाग्रोमायझा ऑब्ट्युसा. दोन्ही माश्या २ मिमीच्या आसपास, काळ्या चकचकीत, पंखामागची गुंडीही काळी. नुसत्या माशीच्या फोटोवरून त्यांना वेगळं करू नका, कोणत्या पिकातून काढली ते लिहा. ज्वारीची पोंगेमर (मधला कोंब वाळणं) करणारी ॲथेरिगोना सोकाटा नराच्या पोटाच्या टोकावरच्या तिपाती अवयवावरून ठरते, मादीवर अडून बसण्यात अर्थ नाही. पूर्व विदर्भातल्या धानावर चंदेरी पोंगा (नळीसारखा पोकळ कोंब) दिसला तर गादमाशी. पोंगा चिरून आतली अळी किंवा कोष अल्कोहोलमध्ये ठेवा, डासासारखी ती नाजूक माशी टाचणीवर टिकत नाही.

घराच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर भिंतीवर दिसणारी, २ ते ३ मिमीची, केसाळ, पंख पाठीवर व्ही आकारात उभे धरून बसणारी, आणि उडण्याऐवजी टुणटुण उड्या मारणारी ती वाळूमाशी. नागपूरजवळच्या चांदीपुरातल्या रुग्णांत १९६५ साली सापडलेल्या विषाणूचा प्रसार या माश्यांशी जोडला जातो. फोटोवरून वाळूमाशी एवढंच सांगता येतं. प्रजातीसाठी घसा आणि मादीची शुक्रकोशिका काचपट्टीवर पाहावी लागते, आणि ते काम आरोग्य विभागाच्या कीटकतज्ज्ञाचं. लहान मुलाला ताप, झटके असतील तर माशी शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

आता फोटो कसे काढायचे. चार दिशा लागतात: बरोबर वरून, बरोबर बाजूने, समोरून चेहरा, आणि एक पंख पूर्ण पसरलेला. एकच हवा तर बाजूचा निवडा. सोंड, छातीचे राठ केस, श्वासरंध्र, पंखाखालची पाळी, सगळं त्यात येतं. मोबाइलचा स्वस्त मॅक्रो कॅमेरा बहुधा कमी दर्जाचा असतो. मुख्य कॅमेऱ्यावर क्लिपचं मॅक्रो भिंग लावा, नसेल तर घड्याळजीचं दहापट भिंग काचेला टेकवून धरा. अंतर २ ते ३ सेंमी राहील. हात हलतो, म्हणून कोपर टेबलावर आणि एका दमात १०-१५ फोटो. ऊन थेट पडू देऊ नका, बटर पेपर आडवा धरा. ट्यूबलाइटखाली राखाडी माशी हिरवट दिसते, त्यामुळे उजेड दिवसाचा हवा. शेजारी मिलिमीटरचा आलेख कागद ठेवा. नाणं ठेवलं तर कुठलं नाणं तेही लिहावं लागतं.

माशी स्थिर राहत नसेल तर कुपीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ५ ते १० मिनिटं. वरच्या बर्फाच्या खान्यात ठेवली तर बाहेर काढताच अंगावर दव धरतं आणि राठ केस चिकटतात. मे महिन्यात ती मिनिटभरातच जागी होते, म्हणून कागद, भिंग, उजेड आधी मांडून ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबला जातो आणि शिरा पुसल्या जातात.

नमुना ठेवण्याचा पहिला प्रश्न: कोरडा की ओला. मस्किडी, कॅलिफोरिडी, सारकोफॅगिडी, टॅबॅनस आणि फळमाशी कोरड्या ठेवा. अल्कोहोलमध्ये त्यांची अंगावरची भुकटी ओली होते, रेघा पुसट होतात, फळमाशीचे पिवळे पट्टे फिकटतात. गादमाशी, वाळूमाशी, सगळ्या अळ्या ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए तपासायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वर आणि थंड जागी. फॉर्मालिन वापरू नका, अंग कडक होतं आणि डीएनए जातो. कुपी काठोकाठ भरा. अर्धी भरलेली कुपी एसटीच्या धक्क्यांनी डुचमळते आणि ज्यांच्यावर ओळख अवलंबून ते राठ केस तळाशी जमतात.

मारण्यासाठी डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवणं सगळ्यात सुटसुटीत. बाहेर काढल्यावर बंद कुपीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. टाचणी त्याच दिवशी टोचा, विदर्भातल्या उन्हाळ्यात माशी तासाभरात वाळते आणि हात लावताच पाय गळतात. वाळलीच असेल तर ओल्या वाळूच्या बंद डब्यात १२ ते २४ तास ठेवून नरम करा. टाचणी छातीच्या मध्यरेषेच्या थोडी उजवीकडे टोचायची, म्हणजे मधले केस आणि डावी बाजू शाबूत राहते. शिवणकामाची टाचणी गंजते. कीटकांसाठीची स्टेनलेस घ्या. ५ मिमीहून लहान माशी कडक कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर, उजव्या कुशीला डिंकाचा बारीक थेंब लावून चिकटवा. थेंब मोठा झाला तर छातीचे केस त्यात बुडतात आणि नमुना वाया जातो.

सारकोफॅगिडीतल्या नराच्या पोटाचं टोक नमुना मऊ असतानाच वाकड्या सुईने बाहेर ओढून ठेवलं तर पुढच्याचं निम्मं काम होतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की भाजून परत वापरा. डब्याच्या खाली पाण्याची ताटली असू द्या, मुंग्यांसाठी.

लेबल नसलेला नमुना कोणीही तपासणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, जीपीएसचे आकडे, तारीख (महिना अक्षरात), कशावरून धरली, कशी धरली, कोणी धरली. ‘महाराष्ट्र, अमरावती, वरुड, संत्रा बाग, आंबिया बहाराच्या गळालेल्या फळातून काढली, १२ सप्टेंबर’ असं, वर्षासकट. ‘शेतात सापडली’ एवढ्याने काही कळत नाही. वावराच्या मधून की धुऱ्यावरच्या बोरीवरून, हेही लिहा.

संत्र्यावरच्या माश्यांसाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, इतर पिकांसाठी जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग, जनावरांवरच्या माश्यांसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा परजीवीशास्त्र विभाग. आधी फोटो आणि लेबल पाठवून विचारा, होकार आला की नमुना पाठवा. टपालात आणि कुरिअरमध्ये अल्कोहोल चालत नाही; कुपीतलं ओतून टाका, ओला कापूस ठेवून झाकण टेपने बंद करा. टाचलेल्या माश्यांच्या डब्यात मोठ्या माशीच्या दोन्ही बाजूंना आडव्या टाचण्या मारा म्हणजे ती गरगरणार नाही, आणि तो डबा सगळीकडून ५ सेंमी कापूस किंवा चुरगळलेला कागद राहील अशा मोठ्या खोक्यात ठेवा. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा अशा राखीव जंगलात काही धरायचं असेल तर वन विभागाची परवानगी आधी. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना पाठवण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम तपासा.

तुमच्या तीन माश्यांसाठी आता एवढं करा: बैलाच्या पायावरची बाजूने परत टिपा, सोंड दिसेल अशी. संत्र्यावरच्या दोन-तीन माश्या फ्रिजमध्ये थंड करून चेहऱ्याचे फोटो काढा, आणि त्याच झाडाखालची फळं वाळूच्या डब्यात लावा. जखमेजवळची हिरवी माशी जाळीत सापडली तर कोरडी टाचा, पण पशुवैद्यक जखम साफ करतील तेव्हा पाच-सहा अळ्या मागून घ्या. त्यांवर निकाल लवकर लागेल.